चिमटा सर आणि जांभळा डाग

इतकी वर्षं हे कुणालाच सांगितलं नव्हतं, घरीसुद्धा नाही: चिमटा सरांच्या प्रयोगातल्या कागदी पट्टीला मी उघडा हात लावला होता.

सर वडगावच्या विणकर घरातले. बेळगावच्या कॉलेजात आम्हाला रसायनशास्त्र शिकवायचे. कागद म्हटला की चिमट्यानंच धरायचा, लग्नपत्रिकासुद्धा.

"सर, नवरीला घाम फुटलाय काय?" आम्ही चिडवायचो.

"तुमच्या बोटांना फुटतोय रं. घामात अमिनो आम्लं असत्यात. प्रयोगात तुम्हीच सापडाल, जीव न्हाई!"

पृथ्वीवर काहीच जिवंत नव्हतं, तेव्हा साध्या पदार्थांवर किरण पडून जीवाचा कच्चा माल तयार झाला असेल का, हा त्यांचा ध्यास. अमोनियम अॅसिटेटचं पाणी काचनळीत बंद करून विद्यापीठात गॅमा किरणांखाली ठेवायचं, मग त्याचा थेंब कागदी पट्टीवर ठेवून पट्टी द्रावणाच्या बरणीत उभी करायची आणि वर चढलेल्या पदार्थांत ग्लायसीन, म्हणजे सगळ्यांत साधं अमिनो आम्ल, शोधायचं. सर मला म्हणायचे, "देवानं केलं म्हणतोस? असंल. कसं केलं ते मी इचारणारच."

मे महिना होता. घामामुळे मी हातमोजे काढले होते. बरणीतून काढताना पट्टी सटकली, मी बोटांनी धरली. अमिनो आम्ल जांभळं करून दाखवणारं औषध फवारलं, तर ग्लायसीन जिथवर चढतं नेमका त्या उंचीवर जांभळा डाग. किरण न दिलेल्या पाण्याची पट्टी कोरी; तिला माझं बोट लागलं नव्हतं. सर लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. मी डागाची उंची वहीत लिहून घेतली.

निकाल विद्यापीठाच्या समितीपुढे गेला. समितीतला एक जण म्हणाला, "हा विद्यार्थ्याच्या बोटांचा घाम. त्याचं नाव काढा, आमच्या माणसाकडून पुन्हा करून घेऊ."

सर उभे राहिले. "पुन्हा करू, धा येळा करू. पण करणार ह्योच. नाव काढायचं तर दोघांचं काढा."

मी शेजारी बसून फरशी बघत होतो. समितीनं सरांचं मानलं नाही; विद्यापीठातले किरण मिळायचे बंद झाले. सर तसेच निवृत्त झाले. मी विषय बदलून पदवी घेतली, निपाणीत नोकरी धरली.

पुढं सर फार थकल्याचं कळलं; ते जाण्याआधी एकदा सांगायचंच म्हणून वडगावला गेलो. सर हातमागावर बसले होते.

"अजून म्हणत्यात का रं, घाम हुता म्हणून?"

"म्हणतात, सर."

"म्हणू देत. तुझा हात लागला असता तर तू सांगितलं असतंस."

मी 'हो' म्हणून मान हलवली.

सर गेल्यावर आता समितीला लिहून दिलंय: हात माझा होता, सरांचा अंदाज मात्र अजून खोटा ठरलेला नाही. डागाखाली खरं ग्लायसीन असेलही. माझ्या बोटांनी ते झाकलं. हातमोजे घालून तो प्रयोग पुन्हा करणं, एवढं मी सरांचं देणं लागतो. अजून केलेला नाही.