काळ्या सुळक्याची वेळ

व्हँकूवर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरची जंगलवाट खाडीच्या मुखाशी तुटते. आठवड्याचा शिधा पाठीवर लादून आलेल्या ट्रेकरना तिथून पलीकडे न्यायचं काम व्हर्नाचं. होडी बापाची आणि जीभही बापाचीच. "अख्खं घर पाठीवर घेऊन निघालात की काय? होडीत मला तरी जागा ठेवा!" उकडलेले खेकडे खाऊ घालता घालता ती पुढच्या काळ्या सुळक्याची वेळही सांगायची. त्याच्याखालची वाळू ओहोटीतच उघडी पडते. उशीर झाला की एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र.

छापील तक्त्यातल्या भरती-ओहोटीच्या वेळा उन्हाळ्यात एक तास मिळवून वाचाव्या लागतात, कारण उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढे असतात. व्हर्ना तो तास मिळवूनच वेळ सांगायची. मिळवलाय, हे मात्र सांगायची नाही. त्यात काय सांगायचं, असं तिला वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात इंग्रिड नावाची पोर एकटीच आली. "मावशी, सुळका किती वाजता?"

"दोनच्या आत पार हो. रेंगाळू नकोस."

दुसऱ्या दिवशी तिची सॅक लाटांवर सापडली, ती नाहीच. मागून आलेले सांगत होते, दोन वाजून गेले तरी ती निवांत चहा पीत बसली होती, "अजून तास आहे" म्हणाली. तो तास कुठून आला, ते व्हर्नाला उमगलं. ती कुणाशी काही बोलली नाही.

यंदा इंग्रिडचा बाप आला. खाडीच्या मधोमध त्यानं विचारलं, "माझ्या मुलीनं तुम्हाला वेळ विचारली होती का हो?"

नाही म्हणणं सोपं होतं. व्हर्नानं इंजिन बंद केलं.

"विचारली होती. तास मिळवून सांगितली, पण मिळवलाय ते बोलले नाही. तिनं पुन्हा मिळवला. चूक माझी आहे."

तो चिडेल, शिव्या देईल, म्हणून ती मान खाली घालून थांबली. वर्षभर ती त्या शिव्यांचीच वाट बघत होती.

"लहानपणापासून मी तिच्या कानीकपाळी ओरडायचो," तो म्हणाला, "ओहोटीच्या वेळेत तास मिळवायला विसरायचं नाही. मला वाटत होतं, विसरली असेल." तो पाण्याकडे वळला. "विसरली नव्हती माझी पोर."

ओहोटी होडीला समुद्राकडे ओढू लागली होती. इंजिन चालू करायला व्हर्नाचा हात उचलेना.