मढ्याची चाल

“घाई कायची हाये, गुरुजी?” पट्टीचं टोक आत खोचत कंपाउंडर चाचा मला म्हणायचे. कळमनुरीच्या त्या दवाखान्यात डॉक्टर भराभर तपासायचे आणि चाचांपाशी रांग अडायची. लोक चिडायचे. पण चाचांनी बांधलेली पट्टी औत धरलं तरी सुटायची नाही, हे तुम्हीही मान्य केलं असतं.

नव्वदीच्या सुरुवातीला, एका बाजाराच्या दुपारी चाचा आणि मी व्हिडिओवर इंग्रजी भुताचा सिनेमा बघायला गेलो. हजारो वर्षं पेटीत पडलेलं, अंगभर पट्ट्या गुंडाळलेलं एक मढं उठतं आणि माणसांच्या मागे धावतं. धावतं कसलं, एकेक पाऊल ओढत येतं! अर्ध्या तासात निम्मे लोक पेंगू लागले. चाचा मात्र ताठ बसलेले. मढ्याच्या हातावरची पट्टी लोंबताना दिसली आणि ते ओरडले, “टोक न्हाई खोचलं! कोनं बांधली रे ही?” पेंगणारे दचकून जागे झाले. त्या सिनेमात लोक घाबरले ते तेवढेच.

त्याच वर्षी सायकलवरून पडून माझा पाय मोडला. दोन महिन्यांनी प्लास्टर निघालं, पण पाय टेकवायचा धीर होईना. डॉक्टर म्हणाले, “हाड जुळलंय, चाला.” मी भिंत सोडेना. पुन्हा फळ्यापुढे उभा राहीन की नाही, या भीतीने मला घास गोड लागत नव्हता.

एका सकाळी चाचांनी दोन्ही हात पुढे लांबवले, एक पाय ओढला आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात मढं चालू लागलं. “ते हजारो वर्सांनी उठलं, तुमाला तर दोनच महिने झाले! त्याला कुठं घाई व्हती? तरी समद्यायला गाठलंच का न्हाई? या माझ्या मागं.”

रांगेतले पेशंट खो-खो हसले. मलाही हसू आवरेना. हसता हसता मीही हात लांबवले. चाचा थांबले तेव्हा भिंत दहा पावलं मागे राहिली होती. मला एकदम रडूच आलं. चाचा म्हणाले, “रडा आता. पाय तर चालला.”

पाय चालला, पण किंचित लंगडत. पुढे कित्येक वर्षं चाचा रस्त्यात भेटले की हात लांबवून मढं व्हायचे, मीही व्हायचो. बघणारे बघत राहायचे.

चाचा गेले तेव्हा जनाजा रीतीप्रमाणे झपाझप निघाला. माझा पाय मागे पडला. कुणीतरी मोटारसायकल थांबवली, “बसा गुरुजी, लवकर पोचाल.”

“घाई कायची हाये?” मी म्हणालो आणि पाय ओढत चालत राहिलो. कबरस्तानात पोचलो तेव्हा लोक मूठ मूठ माती देत होते. मीही दिली.

गाठलंच, चाचा.