सुमित्राबाई आणि सरकार

सुमित्राबाईंना सरकारशी भांडायचंच नव्हतं. नवऱ्याला मारणारे ते दोघे पोलीस तुरुंगात गेलेले बघायचे होते, एवढंच.

सरस्वतीपुरमच्या एका आडरस्त्यावर नवरा-बायकोचं शिवणाचं दुकान होतं. येसाजीराव शर्ट-पँट शिवत, त्या ब्लाउज. घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं. विठ्ठल मंदिरात एकादशीला येसाजीराव टाळ धरत, आणि घरच्या मराठीत कन्नड कुठून शिरली ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

एका दुपारी दुकानासमोर उभ्या असलेल्या स्कूटरची चौकशी करत पोलीस आले. स्कूटर चोरीची आहे म्हणाले.

"कोणाची, ठाऊक नाही सार," येसाजीरावांनी सांगितलं.

"ठाण्यात चल, आठवेल."

"शटर ओढून येतो," म्हणून ते वळले. तो पळतोय असं ठरवून एकाने लाठी घातली, मग दुसऱ्याने. सुमित्राबाई मशीनवरून उठून बाहेर येईपर्यंत त्यांना जीपमध्ये कोंबलं होतं, आणि तिथेही मारणं चालूच होतं. इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं. मोडलेली बरगडी फुप्फुसात घुसली होती. पोलिसांच्या कागदात मात्र ‘पळताना पायरीवरून पडला’ असं आलं. दुकानाला पायरीच नव्हती.

आणि स्कूटर? तिच्या मालकाचा मेहुणाच न विचारता घेऊन आला होता. पलीकडच्या हॉटेलात इडली खात बसला होता.

दोघे पोलीस निलंबित झाले, त्यांच्यावर खटलाही भरला गेला. थोड्या दिवसांनी त्यातला एक हुणसूरला पुन्हा कामावर रुजू झाल्याचं कानावर आलं. खटला जागचा हलेना. तेव्हा अदिती दुकानात आली. ती पुण्याहून इथे स्थायिक झालेली वकील, सुमित्राबाईंचं नेहमीचं गिऱ्हाईक.

"हायकोर्टात सरकारविरुद्ध याचिका करू या," ती म्हणाली.

"सरकारनं मारलं काय? मारणाऱ्यांची नावं पाठ आहेत मला!"

"त्यांचा खटला चालू राहीलच. पण त्यांना गणवेश, जीप आणि पकडायचा अधिकार सरकारने दिला होता. माणूस सरकारच्या ताब्यात मेला. त्याचा जाब सरकारने द्यायचा."

"मत्ते, मग हे सरकार राहतं कुठे? एकदा तोंड तरी दाखव त्याचं."

अदितीने वकालतनामा पुढे केला. सुमित्राबाईंनी कुरकुरत सही केली.

मग बंगळूरच्या खेपा सुरू झाल्या. दर खेपेला दुकान बंद ठेवायचं, आणि तिथे सरकारी वकिलाने मुदत मागायची. फाईल गृहखात्यात आहे. वकील बदलले आहेत. नव्या वकिलांनी फाईल वाचलेली नाही. "साकु झालं, पुरे आता," सुमित्राबाई परतीच्या बसमध्ये अदितीवरच उखडल्या. "पुढची तारीख, पुढची तारीख! तूसुद्धा त्यांच्यासारखीच बोलायला लागलीस."

अखेर सरकारचं उत्तर आलं. त्यात एका ठिकाणी लिहिलं होतं की आरोपीने अटकेला विरोध केल्यामुळे पोलिसांनी कर्तव्य म्हणून आवश्यक तेवढंच बळ वापरलं. खाली लिहिलं होतं की पोलिसांनी केलं ते कर्तव्याबाहेरचं, वैयक्तिक कृत्य, सबब सरकार जबाबदार नाही.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "कर्तव्य करत होते की नव्हते? काहीतरी एक सांगा."

अदितीने कानात मराठीतून सांगितलं, तेव्हा सुमित्राबाई पहिल्यांदा नीट सरसावून बसल्या. सरकारी वकिलाने मुदत मागितली. या वेळी मिळाली नाही.

निकाल लागला. अटक करताना पोलिसांच्या मारहाणीत माणूस मेला तर हात झटकून सरकारला मोकळं होता येणार नाही. फौजदारी खटल्याची वाट न पाहता भरपाई द्यावी, आणि ती हवी तर दोषींकडून वसूल करावी.

"माफी मागायला सांगितली काय?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"निकालात तसं नाही लिहिलेलं."

"मग इतक्या पानांत लिहिलं तरी काय?"

अदितीने पानं उलटली. "येसाजीराव पळत नव्हते, शटर लावायला वळले होते, असं लिहिलंय."

"ते परत वाच," सुमित्राबाई म्हणाल्या.

भरपाई आपणहून आली नाहीच. अदितीला कोर्टाच्या अवमानाचा अर्ज करावा लागला. शेवटी धनादेश घ्यायला बोलावलं, तर अधिकाऱ्याने फोटोग्राफर उभा केलेला. "सरकारची मदत स्वीकारताना जरा इकडे बघा," तो म्हणाला.

"मदत नव्हे, सार. तुमच्या माणसांनी मारलं, म्हणून कोर्टानं द्यायला लावलंय," सुमित्राबाई कन्नडमध्ये खणखणीत बोलल्या. फोटो राहून गेला.

त्या दोघांचा खटला म्हैसूरच्या कोर्टात अजून चालूच आहे. परवा त्यांच्या वकिलाला ताप आला म्हणून पुन्हा तारीख पडली.

"मागच्या खेपेला साक्षीदाराला ताप होता. पुढच्या खेपेला कोणाला येणार, आत्ताच सांगून ठेवा," सुमित्राबाई मोठ्याने म्हणाल्या. शिपायाने गप्प बसायला सांगितलं. त्या बाकावर बसून राहिल्या, आणि तारीख लिहून मिळाल्याशिवाय उठल्या नाहीत.