आप्पांच्या हातची वेणी

"हलू नगं, पेड सुटंल!"

रोज सकाळी सहाला आमच्या गल्लीत हा आवाज उठायचा. मांडवगण फराटा गावात आमचं घर आप्पांच्या घराच्या बरोबर समोर. अंगणात पाटावर त्यांची थोरली लेक, तिच्यामागे बाजेवर आप्पा, दातांत रिबीन धरलेली. धाकटी दारात अर्धवट झोपेत, आपल्या नंबराची वाट बघत. पोरींची आई एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला. कंपनीची बस तिला साडेपाचलाच घेऊन जायची. मग पोरींच्या वेण्या कोण घालणार, हा प्रश्न आप्पांना पडलाच नाही. ते कंगवा घेऊन बसले.

आप्पांचं लहानपण मेंढरांमागं गेलं. आता दोन एकर ऊस आहे, पक्कं घर आहे. पण लोकरीचं सूत काढणारी बोटं तीच. त्यांची वेणी दोरखंडासारखी घट्ट. थोरली कुरकुरायची, "आप्पा, डोळं वर वढल्यात."

"बरंय की. फळा नीट दिसंल."

वेणी होईपर्यंत घरातलं सगळं बोलणं व्हायचं. गणित का अडलं, बाई कशावरून रागावल्या. थोरलीला पहिल्यांदा पाळी आली, तेही तिनं या पाटावरच सांगितलं. आप्पा लगेच दुकानात गेले. दुकानदार पाकीट कागदात गुंडाळायला लागला, तर म्हणाले, "गुंडाळतूस कशाला? चोरीचा माल हाय व्हय?"

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. त्याच्याकडं नीट बघा. मी तेव्हा स्त्री-पुरुष समतेची पत्रकं लिहून एसटी स्टँडवर वाटत होते. आप्पांना म्हटलं, सभेत बोलायला या. त्यांनी पत्रक उलटसुलट करून बघितलं. "सभा सकाळी हाय का? मग न्हाई जमायचं. पोरींच्या वेण्या ऱ्हातील."

बारावीनंतर थोरलीनं पोलीस भरतीची तयारी सुरू केली. पहाटे शाळेच्या मैदानावर धावायची. कमरेपर्यंतचे केस घामानं भिजायचे, वाळायला वेळ मिळायचा नाही. एका सकाळी पाटावर बसून ती म्हणाली, "आप्पा, केस कापायचं म्हनते. मानेपातूर."

मी समोरून बघत होते. अर्धी झालेली वेणी आप्पांनी हातात तशीच धरून ठेवली. इतक्या वर्षांची त्यांची लेकीबरोबरची सकाळ त्या केसांत होती. मग म्हणाले, "केस तुजं हायत."

गावाला मात्र ते केस गावाचे वाटले. भावकीतले आबा तरातरा दारात आले. "बिनलग्नाच्या पोरीचं केस कापत्यात व्हय? सोयरीक कोन आणंल?"

"तिला भरती व्हायचंय आबा, सोयरीक नगं. आन् तुमी मिशी उतरिवली तवा गावाला इचारलं व्हतं का?"

गल्ली हसली. आबा हसले नाहीत. "बघतो कोन कापतंय ते," म्हणून गेले. त्याच दिवशी आप्पा पोरीला घेऊन सलूनमध्ये गेले, तर सलूनवाल्यानं कात्री खाली ठेवली. "आप्पा, आबांची दाढी माझ्याकडं असती. मला नका घालू यात."

आप्पा घरी आले आणि माळ्यावरून लोकर कातरायची कातर काढली. आत नाही, अंगणातच, सगळ्यांसमोर बसले. पण त्यांच्या हाताला सवय एकच. त्यांनी पोरीचं डोकं गुडघ्यांत दाबलं आणि मानेकडून वर कातर चालवली.

"आप्पा! मी मेंढी न्हाई!" थोरली किंचाळली. धाकटी हसून हसून जमिनीवर लोळली.

डावी बाजू कानाच्या वर, उजवी मानेवर. आप्पांनी चार पावलं मागं जाऊन, डोळे बारीक करून पाहिलं. "पळताना कुनाला कळतंय?"

दुसऱ्या पहाटे थोरली तसल्या केसांनीच धावत निघाली. मागं सायकलवर आप्पा. मैदानाचा जवळचा रस्ता सोडून ते मुद्दाम आबांच्या ओट्यासमोरून गेले. नंतर कित्येक सकाळी मात्र, धाकटीची वेणी झाली तरी ते कंगवा हातात घेऊन थोडा वेळ बसून राहायचे.

पहिल्या भरतीत थोरलीची निवड हुकली. दुसऱ्या भरतीत निवडली गेली.

मग गावात फ्लेक्स लागले. लेक ट्रेनिंगला गेली होती, म्हणून बापाचा सत्कार ठरला. अध्यक्ष कोण? आबा! मला राग आवरेना. तरी आप्पांना बोलवायला मलाच पाठवलं. ते गाडी पुसत होते.

"आज धाकटीची दौंडला चित्रकलेची स्पर्धा हाय. तिला सोडायचंय."

"आप्पा, अख्खा मंडप तुमची वाट बघतोय."

"शाल काय, उद्याबी मिळंल. स्पर्धा आजच हाय."

मी परत आले तेव्हा आबा माईकवर सांगत होते, "गाव पहिल्यापासून या लेकीच्या पाठीशी हाय!" शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर शाल आणि नारळ ठेवलेला. तेवढ्यात मंडपाच्या कडेनं आप्पांची मोटारसायकल आली. मागं धाकटी, रंगपेटी छातीशी धरून. आबांनी भाषण तोडलं. "आप्पा! ओ आप्पा!" माईकमधून ती हाक साऱ्या गावानं ऐकली.

गाडी थांबली नाही. धाकटीनं तेवढा हात हलवला, आणि दोघं दौंडच्या रस्त्याला लागली.