मामांचा भुगा

आमच्या मामांनी उभ्या आयुष्यात एकच गोष्ट फेकून दिली असेल, ती म्हणजे लोकांनी दिलेला सल्ला. बाकी त्यांच्या हातात आलेली वस्तू पुढं कचऱ्यात गेली, असं त्यांच्या गावात, मांडवगणात, कुणी पाहिलेलं नाही. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात. मी केडगावचा. सुट्टी लागली की पिशवी उचलून आत्याकडं जायचो, तर दारात मोडक्या छत्रीच्या काड्यांवर कारल्याचा वेल चढलेला असायचा आणि मामा सायकलच्या फाटक्या ट्यूबचा पट्टा कमरेला आवळून नवीन काहीतरी जोडत बसलेले असायचे. "मी अजून धडधाकट हाय म्हणून बरं," आत्या म्हणायची. "नाहीतर माझं बी ह्यांनी काहीतरी बनवलं असतं."

अशा माणसाला देवानं, म्हणजे मामा देव मानत नसत, पण जो कुणी असेल त्यानं, नेमकी कुठं नोकरी द्यावी? नव्वदच्या दशकात शिरूरच्या बाजूला पवनचक्कीची पाती बनवणारा एक कारखाना निघाला आणि मामा तिथं लागले. काचेच्या धाग्याचं कापड साच्यात अंथरायचं, त्यावर रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारा चिकट रस, ओतायचं, रोलर फिरवायचा, पुन्हा कापड, पुन्हा रेझिन. सुकलं की साच्यातून पातं निघायचं, एसटीच्या दोन गाड्या एकामागं एक उभ्या कराव्यात एवढं लांब. पण कडा कापल्या की कातरणांचा ढीग उरायचा, आणि एखादं पातं बिघडलं तर ते अख्खंच बाद. हा सगळा माल ट्रॅक्टरनं नेऊन जुन्या दगडखाणीत गाडायचे. ट्रॅक्टर फाटकाबाहेर पडला की मामांचं तोंड एखाद्याच्या मयताला निघाल्यासारखं व्हायचं. "ह्ये कुजत न्हाई, जनावर खात न्हाई," ते मला म्हणायचे. "गाडून काय उपेग? उद्या कुणीतरी उकरील आन् म्हणंल, काय येडी माणसं व्हती ही!"

मग साहेबांना विचारून कातरणं घरी यायला लागली. म्हशीची गव्हाण फायबरची झाली, टाकीचं झाकण फायबरचं झालं, न्हाणीचं दार फायबरचं झालं. बसायला एक पाटही झाला. त्या पाटावर एकदा बसलेला पाहुणा पुन्हा कधी बसला नाही, कारण काचेचं कुसळ अंगात शिरलं की जी खाज सुटते ती सांगून कळायची नाही. मामांना मात्र काही होत नसे. वर आम्हालाच म्हणायचे, "कातडी सरावली पाहिजे, पाव्हणं."

पण गव्हाणी करून मामांचं समाधान होणार नव्हतं. त्यांच्या मनात एकच होतं: पात्याचा कचरा पात्यातच गेला पाहिजे. कारखान्याचे मोठे साहेब शांत गृहस्थ होते. मामा त्यांना डबा खाताना गाठायचे. "साहेब, उरलेल्या भाकरीचा बायका कुस्करा करत्यात. आपुन का करू न्हाई?" शेवटी एका शनिवारी साहेब कंटाळून म्हणाले, "सोमवारी एक पोतं बारीक भुगा आणा. रेझिनमध्ये मिसळून एक पातं करून बघू."

शनिवारी कारखाना अर्धाच दिवस; मामा तरंगतच घरी आले. अडचण एवढीच होती की दुसऱ्याच दिवशी, रविवारी, त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं, सुजाताचं लग्न होतं.

दुसरा कुणी असता तर सोमवारचं पुढं ढकललं असतं. मामांनी मांडववाल्याला आत्याच्या हवाली केलं आणि चुलतभावाचं यंत्र गाठलं. जनावरांचा भरडा काढायचं ते जुनं यंत्र मोडीत जायचं म्हणून वस्तीच्या कडेला उभं होतं. मामांनी तोंडाला उपरणं गुंडाळलं आणि दुपारभर कातरणं भरडली. भुगा पोत्यात पडत होता आणि बारीक धूळ वाऱ्यावर जात होती. वारा कुठं जातोय हे पवनचक्कीची पाती करणाऱ्या माणसानं बघायला नको? वारा जात होता आमच्या बौद्ध वस्तीकडं, जिथं दोऱ्यांवर लग्नाचे कपडे वाळत होते. आमच्यात लग्नाला पांढरे कपडे. वऱ्हाडही आदल्याच दिवशी मुक्कामी आलेलं, त्यामुळं नवरदेवाच्या सदऱ्यापासून वरमाईच्या लुगड्यापर्यंत सगळं तिथंच, नीळ देऊन धुतलेलं. पांढऱ्यावर पांढरी धूळ बसली. दिसणार कुणाला?

दुसऱ्या दिवशी विहारासमोर सगळे वंदनेला उभे राहिले. वंदनेत हात जोडायचे असतात, आणि जोडलेल्या हातांनी खाजवता येत नाही, ही गोष्ट त्या दिवशी सगळ्यांच्या पहिल्यांदा ध्यानात आली. आधी वरमाई खांदे उडवायला लागली. मग माणसं मांडवाच्या खांबाला हळूच पाठ घासायला लागली. वंदना म्हणणाऱ्या बौद्धाचार्यांनी एवढा वेग धरला, की मागून म्हणणाऱ्यांची दमछाक झाली. नवरदेव मात्र खांबासारखा ताठ उभा, डोळ्यांतून घळाघळा पाणी. बायका एकमेकींना म्हणत होत्या, "काय गं बाई हळवा पोरगा!"

वंदना संपली आणि नवरदेवाचे चुलते भडकले. "आमच्या माणसांच्या अंगाला काय लावलं तुम्ही? वऱ्हाड उठवतो मी!" आत्या मटकन खाली बसली. सुजाताचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात मामांनी माईक हातात घेतला.

"मंडळी, जय भीम. वस्तीतल्या कुणाची चूक न्हाई, ही खाज माझी हाय. काच हाय ती. चोळू नका, गार पाण्यानं धुवा." आणि मग त्यांनी पात्यापासून दगडखाणीपर्यंत सगळं सांगितलं, अगदी सोमवारच्या पोत्यासकट. मग नवरदेवानं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"मामा, पर भुगा बारीक झाला का?"

आधी सुजाता हसली, मग सगळा मांडव. चुलत्यांनाही हसू आवरेना. लग्न लागलं, जेवणं झाली, अर्धं वऱ्हाड भीमेवर डुंबून आलं. मामा ज्याला त्याला सांगत होते, "जावई न्हाई, हिरा हाय हिरा!"

सोमवारी पोतं कारखान्यात गेलं आणि पातं झालं. चाचणीला त्यावर वाळूची पोती रचली. नेहमीचं पातं जेवढा भार सहज सोसतं तेवढाही झाला नव्हता, तोच ते कडाडलं आणि फाटलं. "पात्यात नाही चालणार," साहेब हळूच म्हणाले. "वरून तुटून कुणाच्या अंगावर पडलं तर?" मामांना ते पटलं, आणि पटलं म्हणूनच जास्त लागलं. घरी येऊन जेवले नाहीत.

साहेबांनाही ते बघवलं नसावं. तीन पाती जिथं जुळतात तिथं मधोमध एक टोपण बसवतात; त्याच्यावर भार नसतो. उरलेला भुगा त्यात घाला म्हणाले. मामांनी ते टोपण स्वतःच्या हातानं केलं, ओल्या रेझिनमध्ये आतून बोटानं 'सुजाता' लिहिलं, आणि साताऱ्याकडं तिच्या सासरच्या डोंगरावर जाणाऱ्या मालात हट्टानं घालून पाठवलं. मग फोन लागला की पहिला प्रश्न, "टोपण कसं हाय?" आत्या खेकसायची, "अवो, आधी पोरगी कशी हाय ते इचारा!" मामा म्हणायचे, "त्येच इचारतोय."

वर्षं गेली. मामा रिटायर झाले, साहेब बदलले, भुग्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. ट्रॅक्टर खाणीकडं जातच राहिला. मामांना खोकल्यानं धरलं, अंगणाबाहेर जाणं बंद झालं, पण फोनवरचा प्रश्न तोच.

त्या सुमाराला मी सुजाताकडं गेलो. तिनं मला गोठ्यामागं नेलं. वासराच्या डोक्यावर छपरासारखं ते टोपण होतं, एका बाजूला तडकलेलं. वादळात खराब झालं म्हणून कंपनीच्या माणसांनी वर नवं बसवलं आणि हे ओढ्यात लोटून दिलं होतं. दाजींनी, म्हणजे सुजाताच्या नवऱ्यानं, आत लिहिलेलं नाव वाचलं आणि चार माणसं घेऊन ते घरी आणलं. "आबांना सांगू नकोस रे," सुजाता म्हणाली; मामांना ती आबा म्हणायची. "खाली उतरलं म्हणल्यावर खचतील ते."

मी परत आलो तर मामा वाटच बघत होते. "फिरतंय ना?" माझ्यानं खोटं बोलवेना. जे पाहिलं ते सगळं सांगून टाकलं. मामांनी एवढंच विचारलं.

"गळतं का?"

"थेंबसुद्धा नाही."

"म्हंजी गाडलं न्हाई," मामा म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. "झालं तर मग."

"आणताना दाजींना पुन्हा खाज सुटली म्हणे," मी म्हणालो. मामा खोकला लागेपर्यंत हसले.

आता मामा नाहीत. फार आठवण येते माणसाची. सुजाताला फोन लावला की मी आधी टोपणाचंच विचारतो. "हाय की," ती म्हणते. "वासरू झोपलंय खाली."