वडिलांच्या नावाचे रोट

गेल्या श्रावणात, कानबाईच्या रविवारी सकाळी, वडिलांना जळगावच्या रुग्णालयातून गावी नेत असताना आमची गाडी धरणगावच्या थोडी पुढे बंद पडली. गाडीत आम्ही तिघे होतो: मी, आई आणि मागची आसने काढून अंथरलेल्या गादीवर वडील. त्यांच्या यकृताचा आजार शेवटच्या टप्प्यात होता. डॉक्टरांनी उपचार थांबवले होते आणि घरी न्यायला परवानगी दिली होती. वडिलांची एकच इच्छा होती. या वर्षीची कानबाई त्यांना घरात बसलेली पाहायची होती.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी एवढे सांगायला हवे की कानबाई आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. नारळाला डोळे, नथ आणि साज चढवून तिला चौरंगावर बसवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर बोळवतात. तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, म्हणजे रोटांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू मोजून घेतला जातो. ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे असतात. मधेच कुळात कोणी गेले तर सुतक लागते. मग कानबाई बसत नाही, आणि रोट झालेले असले तर ते कोणी तोंडात घालत नाही, पाण्यात सोडावे लागतात. वडिलांच्या नावाचा गहू त्या वर्षीही मोजला गेला होता. आपल्यामुळे कुळाची कानबाई अडू नये, ही त्यांना आजारापेक्षा मोठी काळजी होती.

मी स्वतः फारसा देवाधर्माचा नव्हतो. वडिलांची इच्छा म्हणून निघालो होतो. ते वाटेतच जातील, असे मला निघतानाच वाटत होते.

धरणगावहून एक मेकॅनिक आले. पन्नाशीचे, बोलके. स्टार्टर फिरत होता, इंजिन पकडत नव्हते. त्यांनी आधी डिझेलचा फिल्टर बदलला, मग रिले. त्यात बराच वेळ गेला आणि उपयोग झाला नाही. शेवटी त्यांनी बिघाड दाखवणारा स्कॅनर जोडला. स्कॅनरला समोरून काही उत्तरच येईना. डॅशबोर्डखालचा डबा उघडला तेव्हा इंजिनच्या संगणकाच्या पिना हिरव्या पडलेल्या दिसल्या. काचेच्या खालून पावसाचे पाणी झिरपून आत गेले होते.

"गाडीना मेंदू गया, भाऊ," ते म्हणाले.

मागून वडिलांचा आवाज आला. "मना पहिले गाडी गयी का?"

मेकॅनिक हसले. "नाना, तुमना तर ठणठणीत शे ना? मंग पोचाडी देसू."

पण पोचवायचे कसे, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. गाडी जुनी होती, तिचा नवा संगणक आता मिळत नव्हता. जळगावची दुरुस्तीची दुकाने रविवारी बंद. रुग्णवाहिकेला फोन केला, तर ती रुग्णालयातच परत नेणार होती आणि वडील त्याला तयार नव्हते. कानबाईमुळे आसपासच्या सगळ्या मोठ्या गाड्या पाहुणे आणायला गेल्या होत्या. लहान गाडीत वडिलांना झोपवता येत नव्हते आणि बसणे त्यांच्याने होत नव्हते. मी गावी चुलतभावाला फोन केला. "उशीर होईल, आमची वाट पाहू नका," एवढेच म्हणालो. कारण सांगेपर्यंत फोन तुटला, आणि नंतर लागेना.

मग मेकॅनिकना जवळच्या एका गावातली गाडी आठवली. तेच मॉडेल, त्याच काळातले. मालक त्याच वर्षी वारला होता, आणि तेव्हापासून ती त्याच्या बायकोच्या अंगणात उभी होती. ते मोटारसायकलवर गेले. जाताना आईला म्हणाले, "त्या बाईले इचारानं म्हंजे मनाच जीववर येस."

ते परतले तेव्हा ती बाई त्यांच्यामागे बसून आली होती. वय आईएवढेच. कपाळ मोकळे. तिच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेला संगणक होता आणि चावी ओळखणारी लहान डबी. चावी तिने मुठीत धरली होती. मेकॅनिकनी मला समजावले: ही तीन वस्तूंची जोडी आहे, हा संगणक फक्त त्याच्याच चावीला ओळखतो, नुसता संगणक बसवून गाडी सुरू होणार नाही.

बाईने मूठ लगेच उघडली नाही. "ती त्यास्ना खिसामां व्हती," ती म्हणाली. मग गादीवरच्या वडिलांकडे पाहिले. वडिलांनी झोपल्या झोपल्या हात जोडले. तिने चावी आईच्या हातात दिली. "आमनाकडे औंदा कानबाई नही, माय. तुमनी तरी बसू द्या."

मेकॅनिकनी काम केले, मी चावी फिरवली. दुसऱ्यांदा फिरवल्यावर इंजिन सुरू झाले. आईने ओटी भरायला पिशवीत हात घातला आणि तिथेच थांबली. बाई तोवर मोटारसायकलकडे वळली होती.

यात चमत्कार होता का, हे मी ठरवत नाही. जुन्या गाड्यांचे भाग एकमेकींना बसतात, हे कोणीही सांगेल. मी एवढेच लिहू शकतो की त्या दुपारी माझ्या हातात काहीही नव्हते, आणि जे मिळाले ते मागण्याचे धाडस मी कधी केले नसते. जिच्या घरची कानबाई त्या वर्षी बसू शकत नव्हती, तिच्या हातून ते आले. पुढचा सगळा रस्ता मी दुसऱ्याच्या चावीवर गाडी चालवली. वडील वाटेत जातील का, हा हिशेब त्या रस्त्यात कुठेतरी माझ्याकडून सुटला. ज्याला पोचवायचे असेल तो पोचवील, असे मनात आले, आणि असे माझ्या मनात पूर्वी कधी आले नव्हते. त्या बाईचे ऋण मानतो. फेडता येईल असे ते नाही.

दिवेलागणीला शिंदखेड्याच्या पुढे आमच्या गावात शिरलो. गल्लीत घरोघर कानबाईची गाणी चालू होती. आमच्या घरातून मात्र आवाज नव्हता. ओट्यावर भाऊबंद डोके उघडे करून बसले होते. आत बायका रडत होत्या. चूल विझवलेली होती आणि चौरंग भिंतीला उभा लावलेला होता. आमच्या भागात मरणाची बातमी फोनवर कोणी सरळ देत नाही. "वाट पाहू नका" याचा अर्थ सगळ्यांनी एकच घेतला होता.

चुलतभाऊ गाडीपाशी आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून रडू लागला. मी मागचे दार उघडले.

वडिलांनी मान वळवली. "हाई काय करी ऱ्हायनात तुम्ही? मी आजून जित्ता शे."

चुलतभाऊ मागे सरकला, त्याचा पाय गटारात गेला. कोणीतरी हसले.

"मना नावना गहू दळेल शे ना?" वडिलांनी विचारले. "मंग चूल पेटाडा."

माझी आत्या, घरातली सर्वांत मोठी बाई, जिला सगळे अक्का म्हणतात, दारात उभी होती. मेलेल्या माणसासाठी घेतलेल्या आंघोळीने तिचे केस अजून ओले होते. जिवंत माणसाचे सुतक धरले, आता कानबाई बसवावी की नाही, असा प्रश्न एका भाऊबंदाने काढला. अक्काने त्याच्याकडे पाहिलेही नाही. "ज्याना नावनं सुतक धरं, तोच सांगी ऱ्हायना का चूल पेटाडा," ती म्हणाली आणि पदर खोचून चौरंग खाली घेतला.

वडिलांची गादी मधल्या घरात, चौरंगासमोर घातली. कानबाई बसली. नथ अक्काने आईला घालायला दिली. वडील गाणी ऐकत पडून राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि ते त्यांनी पुसले नाही.

सोमवारी सकाळी कानबाई निघाली तेव्हा आम्ही त्यांना खाटेसकट दारापर्यंत आणले. त्यांना नदीपर्यंत जायचे होते, पण ताकद नव्हती. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ते पाहत होते. दुपारी आईने रोटाचा तुकडा दुधात कुस्करून भरवला. मंगळवारीही त्यांनी थोडासा रोट खाल्ला. बुधवारी संध्याकाळी भाऊबंदांनी उरलेले रोट संपवले, परात धुऊन पालथी घातली, आणि अक्काने ते वडिलांना जाऊन सांगितले.

वडील गुरुवारी सकाळी गेले.