कृष्णात अण्णांचा हिरवा झेंडा

के. आर. पुरमला आमच्या शेजारी कृष्णात अण्णा राहायचे. मूळचे निपाणीचे, मालगाडीवर गार्ड. घरी आले की लाल-हिरवे झेंडे घडी घालून कपाटात कुलूपबंद करायचे. सरकारी वस्तू. माझ्या शाल्मलीनं एकदा हात लावला तर पोरीला असं झापलं, की मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. माझंही डोकं लवकरच तापतं.

त्र्याण्णव साली, शाल्मली पाच वर्षांची असताना, तिचा घसा सुजला. दोन दिवस पोटात कण नाही. डॉक्टर म्हणाले, औषध रिकाम्या पोटी चालणार नाही, आणि संध्याकाळपर्यंत काही गेलं नाही तर अॅडमिट करून सलाईन लावू. नाचणीची पेज घेऊन मी तिच्या मागे लागले. गोंजारलं, रागावले, शेवटी नाक दाबून चमचा कोंबला. सगळी पेज माझ्या साडीवर आली. मग मीच रडत बसले.

ते ऐकून अण्णा आले. ड्यूटीवरून थेट, झेंडे काखेत.

"वहिनी, स्वल्प सरका."

त्यांनी झेंडे शाल्मलीच्या हातात दिले. मी बघतच राहिले.

"तू गार्ड, मी डायवर. हिरवा दावल्याबिगर गाडी हलणार नाही."

मग चमचा धरून ते नुसते बसले. पाच मिनिटं गेली. मला धीर धरवेना.

"पेज गार होतेय," मी म्हटलं.

"होऊ दे."

शेवटी हिरवा झेंडा जरासा हलला.

"कँटोन्मेंट," अण्णांनी पहिलं स्टेशन पुकारलं, आणि एक चमचा गेला. गिळताना तिचे डोळे भरून आले, पण गिळलं. परत थांबणं. बैयप्पनहळ्ळी. के. आर. पुरम. व्हाइटफील्डला हिरव्या झेंड्याचं टोक वाटीत बुडालं, तरी अण्णा काही बोलले नाहीत. माळूरला मात्र लाल वर झाला.

"अजून दोनच चमचे," मी म्हटलं.

"लाल दिसल्यावर न्हाई, वहिनी." ते उठलेच.

औषध पोटात राहिलं. हॉस्पिटलसाठी भरलेली पिशवी मी रिकामी केली. दुसऱ्या दिवशी गाडी माळूरच्याही पुढे, बंगारपेटला पोचली. त्या माणसाचे मी साधे आभारही मानले नव्हते, याची आजही लाज वाटते.

अठ्ठ्याण्णवला अण्णा निवृत्त झाले. झेंडे जमा करायला निघाले, तेव्हा हिरव्याच्या टोकाला तपकिरी डाग दिसला.

"अण्णा, हा धुतला नाही?"

"गाडी सुखरूप पोचली," ते म्हणाले, "त्याची नोंद नको व्हय?"